घसरणारा दोर

मी एक जुना नायलॉनचा दोर आहे. मित्रांनो, माझा जन्मजात दोष आधीच सांगून टाकतो. मी घसरतो. यंत्रातून बाहेर पडलो तोच गुळगुळीत अंग घेऊन. घुग्घुसला कोळशाच्या ट्रकवर ताडपत्री आवळायला मला लावलं, तेव्हा हा दोष कुणाच्या ध्यानातही आला नाही. लोखंडी आकड्यात अडकून मी खड्ड्याखड्ड्यांतून गेलो. वहाब ड्रायव्हर कौतुकाने म्हणायचा, "हा तुटते नाई अन् सुटते नाई."

पुढे ट्रक विकला गेला आणि वहाबने मला मोहर्लीला घरी आणलं. त्याची बायको रुबीना जाड कापडाचे झुले शिवायची. जंगल पाहायला येणारे पाहुणे त्यांत आडवे होत. तिने मला एका झुल्याच्या डोक्याकडे लावलं. पायाकडे होता एक सुती दोर, राकट आणि अबोल. झाडाला बांधलं की तो जागचा हलत नसे. मी मात्र माणूस बसताच बोटबोट खाली येई. मला नवल वाटे. गाठ तीच, झाड तसंच, मग मीच का घसरतो?

हाच प्रश्न रुबीनालाही पडला. ती झाडाशी उकिडवी बसून माझ्यावरून बोट फिरवायची. तिच्याबरोबर शिवणकाम करणारी सोमारी एकदा हसली, "बाई, दोराशी बोलून राह्यली का?"

"त्याले इचारून राह्यली," रुबीना म्हणाली. "गाठ तं सुटत नाई. मंग हा घसरते काऊन?"

उत्तर लगेच मिळालं नाही.

एका पावसाळ्यात रुबीना कापड द्यायला सोमारीच्या पाड्यावर गेली. कापडासोबत झुल्याची घडी होती आणि घडीत मी. त्या सकाळी सोमारीचा बाप पोचू छपरावरचे मातीचे कवेलू सारखे करताना खाली पडला. मांडीचं हाड मोडलं होतं. पावसाने रस्ता वाहून गेला होता, दवाखान्याची गाडी टेकडीपलीकडेच थांबली होती. खाट त्या निमुळत्या वाटेवर वळेना. रुबीनाने झुला उलगडला. एक हिरवा बांबू तोडून आणला, त्याला झुला बांधला आणि पोचूला आत निजवलं. धनराज आणि पत्रू या शेजाऱ्यांनी बांबू खांद्यावर घेतला.

शंभर पावलं गेलो असू. माझे वेढे बांबूवरून आत सरकले आणि पोचूचं डोकं दगडापासून वीतभर अंतरावर आलं. सोमारी किंचाळली. रुबीनाने झटकन तळहात डोक्याखाली घातला. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"अजून आवळ ना बाई!" धनराज म्हणाला.

"आवळून होत नाई, भाऊ. तो आवळलेलाच हाय."

तिने मला सोडलं आणि बांबूच्या पेराच्या उंचवट्यापलीकडे बांधलं, म्हणजे मला आत सरकायला तो आडवा येईल. उतारावर ते टिकलं. चढ लागला, पत्रूचा पाय अडखळला आणि एका हिसक्यात मी तो उंचवटा ओलांडला.

रुबीना थांबली. पाऊस पडत होता, पोचू कण्हत होता, तरी तिने आधी माझ्यावरून बोट फिरवलं. मग तिने पायाकडच्या सुती दोराला हात लावला.

"हा खरखरीत हाय," ती पुटपुटली. "बांबू चिकना, नायलॉन चिकना. चिकन्यावर चिकना कसा थांबन? पत्रूभाऊ, तुमचं बारदान द्या."

पावसासाठी पत्रूने डोक्यावर बारदान घेतलं होतं. तिने ते फाडून पट्टी केली आणि बांबूवर घट्ट गुंडाळली. तिच्यावर माझे चार वेढे दिले, पुढचा वेढा मागच्याला दाबेल असे. शेवटी निरगाठ. मग पोचूला उचलण्याआधी तिने स्वतःचा सगळा भार माझ्यावर टाकला. मी तसूभर हललो नाही! ओल्या तागाचे काटे अंगात रुतत होते. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी धरून ठेवत होतं.

टेकडी चढलो, उतरलो. गाडी मिळाली. पोचूचा पाय सांधला. थोडा लंगडतो एवढंच.

त्यानंतर मी पुष्कळ उन्हाळे झुल्यावर काढले, प्रत्येक वेळी खाली बारदानाची पट्टी घेऊन. उन्हाने माझा रंग उडाला, अंगावर लव सुटली. मग एका उन्हाळ्यात पोचू काठी टेकत आला. सोमारीला मुलगी झाली होती.

"रुबीनाबाई, तो दोर मले द्या. त्यानं मले वाचवलं. नातीची झोळी त्याच्यावरच बांधीन."

मी आनंदाने फुललो. रुबीनाने मला उन्हात धरलं, जरासं वाकवलं. माझे धागे कुरकुरत तुटले.

"नाई देत, भाऊ."

"एवढी जुनी ओळख, अन् नाई म्हणता?" पोचू दुखावला.

"ओळख हाय म्हणूनच. तुम्ही याले तपासाल नाई, पाया पडाल." तिने कोयता घेतला आणि मला मधोमध कापलं. मग आणखी दोनदा. "आता चुकूनही कोणी जीव टांगणार नाई याच्यावर."

पोचूला तिने कोरा सुती दोर दिला. मी रागाने धुमसत होतो. पण ती माझे तुकडे कितीतरी वेळ मांडीवर घेऊन बसली होती, आणि तिचे डोळे भरले होते, हे मी पाहिलं.

मित्रांनो, आज रुबीनाने परसात बांधलेल्या माझ्या तुकड्यांवर दोडक्याचा वेल चढतो आहे. तुमच्याकडे एवढंच मागतो. ज्याच्यावर जीव टाकायचा, त्या दोरावरून आधी बोट फिरवा आणि स्वतःचा भार टाकून पाहा. आणि तो म्हातारा झाला, तर त्याच्या उपकारापायी त्याला झोळीला लावू नका. त्याला वेल द्या. वेलाचं वजन मला अजून पेलतं.