चाळणीखालचं पाणी

मी चाळण बोलतेय. सुईला नावं ठेवणारी म्हणून तुम्ही मला आजवर हसलात, ते राहू द्या. अंगभर भोकं असली तरी माझ्याजवळ सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

माझा जन्म स्टीलच्या पत्र्यातला. भांड्यांच्या दुकानात कढई आणि झाऱ्याच्या मधे टांगलेली असताना एका घरच्या थोरल्या सुनेने मला उचललं, माझी भोकं उजेडात धरून बघितली आणि पिशवीत टाकलं. मला वाटलं, चला, आता जन्मभर तांदूळ धुवायचे. पण दुसऱ्याच दिवशी ती मला घेऊन प्रयोगशाळेत कामाला निघाली, तेव्हा तिच्या सासूबाई दारातच म्हणाल्या, "घरची चाळण मोडून पडलीय आणि ही नवी विषाच्या घरी चालली. जा बाई, नशीब तुझं."

विषाचं घर म्हणजे काय, ते सांगते. शिंपला माझाच भाऊबंद. मी पाणी गाळते, तो समुद्र गाळतो आणि गाळून उरेल ते खातो. एखाद्या मोसमात समुद्रात विषारी शेवाळ माजतं, ते त्याच्या पोटात जातं. त्याला काही होत नाही, खाणाऱ्याला होतं. आणि ते विष कितीही शिजवा, जात नाही. सासूबाई जन्मभर खडकावरचे शिंपले काढून विकत आल्या. मागच्या मोसमात त्यांच्या सोबतिणीचे ओठ बधिर झाले, मग हात लुळे पडले. थोडक्यात वाचली. तेव्हापासून संशय आला की किनारा बंद, शिंपले तपासायला मोठ्या शहरात, आणि उत्तर येईपर्यंत सासूबाई घरात बसून भांडी आपटणार.

म्हणून आमच्याकडे नवी तपासणी बसवायला घेतली होती. सकाळी शिंपले आणा, संध्याकाळी उत्तर न्या. पण मोठ्या साहेबांची अट होती. एकाच पिशवीतले शिंपले दोघींनी वेगवेगळे तपासायचे आणि आकडा जुळला पाहिजे. नाही जुळला तर तपासणी बाद.

दोघी म्हणजे थोरली आणि धाकटी. सख्ख्या जावा. घर एक, प्रयोगशाळा एक. जावा जावा उभा दावा म्हणतात, तो मी रोज बघत होते.

काम असं. शिंपले उघडून मांस माझ्यावर निथळत ठेवायचं, खाली तसराळं. मग ते वाटून त्याचा रस यंत्रात घालायचा. यंत्र एका वेळी एकीचंच काम घेई, म्हणून थोरली आपला वाटा ताजा करी आणि धाकटीचा वाटा तोवर फ्रीजरमध्ये गोठत पडे. थोरलीच्या आकड्यात विष भरपूर, धाकटीच्यात निम्मं. दर वेळी हेच.

"तुझा हात हलका पडतो," थोरली म्हणाली.

"आणि तुमचा जड. घरच्या आमटीतल्या मिठाला माहीत आहे, जाऊबाई."

सासूबाई रिकामी बादली घेऊन प्रयोगशाळेच्या दारातल्या स्टुलावर बसल्या होत्या. "एक म्हणते खाल्लंत तर मराल, एक म्हणते चालेल. मी काय अर्धी मरू?"

थोरलीला ते लागलं. तिने धाकटीच्या वाट्याचं गोठलेलं पुडकं स्वतःच्या हाताने तपासलं. आकडा निम्माच आला. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला, पण धाकटी हसली नाही. दोघींनी आणखी एक पुडकं काढलं, वितळवलं, माझ्यावर ओतलं. थोरली तसराळं उचलून सिंकमध्ये रिकामं करणार, तोच धाकटीने तिचं मनगट धरलं.

"थांबा. ताज्या शिंपल्यांखाली चमचाभर पाणी असतं. हे तर काठोकाठ भरलंय."

रोज माझ्याच भोकांतून जात होतं ते, पण चाळणीला सांगता कुठे येतं?

थोरलीने तसराळं परत खाली ठेवलं. "बर्फाने मांस फुटलं. विष पाण्यात उतरलं, आणि आपण ते मोरीत ओततोय."

मग काय धावपळ झाली, काय सांगू. चहा तसाच राहिला. तसराळ्यातलं पाणी यंत्राला दिलं आणि आकडा टुणकन वर उडाला. धाकटीने थोरलीला मिठी मारली, हातमोज्यांसकट. पुढे गोठलेलं प्रत्येक पुडकं त्याच्या पाण्यासकट वाटलं, मला मधे न घेता. एकेक जोडी जुळत गेली. साहेबांनी सही केली.

पहिली खरी तपासणी सासूबाईंनी आणलेल्या शिंपल्यांची. संध्याकाळी दोघी बाहेर आल्या आणि एकदमच म्हणाल्या, "नको, आई."

सासूबाईंनी दोघींकडे आळीपाळीने बघितलं. "दोघींचं एकमत झालं? मग विष नक्की आहे." असं म्हणून उरलेल्या शिंपल्यांची बादली त्यांनी दोघींसमोर ठेवली आणि पदर झाडून घरी गेल्या.

गोठलेल्या मालाला आता माझी गरज नाही. तो असला की मी खिळ्यावर. सासूबाईंनी मला घरी मागितलंही होतं. धाकटी म्हणाली, "विषात भिजलेली आहे ती, आई. नवी आणू." आणली. मला तिचा हेवा नाही. तिला तांदूळ, मला समुद्र.

आज समुद्र निवळलाय म्हणतात. ताजे शिंपले आलेत, सासूबाई स्टुलावर बसल्यात आणि धाकटी मला काढायला हात वर करतेय. येते मी. तुमच्याही घरी खिळ्यावर माझी एखादी बहीण असेल. तिच्याखालचं पाणी ओतायच्या आधी एकदा वाकून बघा, तेवढं माझं मागणं.