नुसता नंबर छापा

हिंगोलीत माझा छापखाना होता. पायाने चालवायचं एक ट्रेडल मशीन, टाइपांचे लाकडी खण आणि घरातून मिळालेला तापट स्वभाव, एवढ्या भांडवलावर तो बरीच वर्षं चालला. जमीलभाईचं छापणं साफ, पण तोंड फटकळ, असं गिऱ्हाइकं म्हणायची. दोन्ही खरं होतं.

तोंड फटकळ व्हायला कारणही तसंच होतं. माझा सगळा धंदा लोकांच्या नावांवर चालायचा. लग्नपत्रिकेचा मजकूर चार ओळींचा आणि खाली नावं पोतंभर. काका, मामा, मावसे, आत्याचे दीर. त्यातलं एखादं राहिलं की लग्न राहायचं बाजूला आणि तो माणूस माझ्या दुकानात येऊन बसायचा. कुस्त्यांच्या जाहिरातीत पैलवान कमी आणि नावं छापून घेणारे जास्त. माझं नाव बारीक का, त्याचं माझ्या वर का, माझ्यामागे ‘राव’ का नाही. नावांनी मला पार जेरीस आणलं होतं. त्यामुळे बिननावाचा कागद छापायला कोणी येईल, असं माझ्या स्वप्नातही नव्हतं.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट, मोठा दुष्काळ सरल्यानंतरची. मॅट्रिकचा निकाल तेव्हा पेपरात यायचा. पानंच्या पानं नुसते नंबर, तेही मुंगीएवढ्या टाइपात. नाव कुणाचंच नाही. ज्याचा नंबर सापडला तो पास; ज्याचा नाही सापडला त्याने घरी जायला अंधार पडायची वाट बघायची.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी एक बाई आणि तिची मुलगी दुकानात आल्या. बाई हिंगोलीजवळच्या गोरेगावची, जनकाबाई खंदारे. बाजारात भाजी विकायची. मुलगी कमल, आईपेक्षा वीतभर उंच, दाराशीच उभी राहिली. जनकाबाईने पिशवीतून पेपर काढून टेबलावर पसरला. एका नंबराला पेन्सिलीने इतक्या जोरात गोल केला होता की कागद फाटायचाच बाकी होता.

“भाऊ, येवढंच छापून द्या,” ती म्हणाली. “बाकीचं काई नको. अन् ह्या नंबरापुढं नाव टाका, कमल भिवाजी खंदारे. पण पेपरातूनच फाडल्यावानी दिसलं पायजे.”

“पेपरासारखं काहून?” मी विचारलं.

मग तिने खाली बसून सगळं सांगितलं. कमलचा बाप भिवाजी हा धाकटा. थोरला भाऊ जळबा. घर एकत्र, शेत एकत्र, आणि शेवटचा शब्द जळबाचा. बैलांची पारख करावी ती जळबानेच. गोरेगावच्या बाजारात त्याने दात बघितल्याशिवाय जोडी हलायची नाही. माणूस वाईट नव्हता, पण एकदा बोलला की बोलला. कमलला कळमनुरीकडचं स्थळ आलं होतं. मुलाचा बाप ग्यानोबा बोलणी करायला आला, तेव्हा त्याच्यासमोर जळबा म्हणाला होता, “पोरीचं नाव पेपरात आलं तर मी सोता तिला हिंगोलीच्या कॉलेजात घालतो. न्हाई आलं तर बाजाराच्या दिशी या, सुपारी फोडू.”

पास झालेल्यांची नावं पेपरात येतात, असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं. पेपर आला. शाळेतल्या मास्तरांनी नंबर दाखवला. जळबाने पेपर उलटा केला, सुलटा केला, अक्षराला अक्षर लावत शेवटपर्यंत गेला आणि म्हणाला, “नाव कुठाय?”

मास्तरांनी समजावलं. कमलने परीक्षेचं प्रवेशपत्र आणून दाखवलं, त्यावर नंबरही होता आणि नावही. जळबा म्हणाला, “ह्यो कागद तर घरचाच हाये. मी पेपरात नाव म्हणलं हुतं. नंबर काय, कुणाचाबी असतोय. मोटारीला असतोय, दुकानाला असतोय.” त्याला कळत नव्हतं असं नाही. पण चारचौघांत तो नाव म्हणाला होता, आणि आता नंबरावर भागवून घेतलं तर शब्द खाली पडला असता.

“परवा बाजार हाये. त्यो ग्यानोबा सुपारी घेऊन येतोय,” जनकाबाई म्हणाली. “पेपरात नाव दाखवलं की झालं.”

माझं डोकं भडकलं. “बाई, खोटा पेपर छापू मी? माझं मशीन उचलून नेतील, अन् वरून मला बी!”

“खोटं काय हाये त्यात? नंबर तिचा, नाव तिचं, पास बी तीच.”

मी आणखी मोठ्याने ओरडलो. कायदा, पोलीस, इज्जत, सगळं काढलं. जनकाबाई ऐकत राहिली आणि मध्येच म्हणाली, “एका पोरीपायी तुमचं एवढं मशीन घाबरतंय व्हय!”

तेवढ्यात दाराशी उभी कमल पुढे आली. “आई, नाव नको,” ती म्हणाली. “भाऊ, पेपरात हाये तेवढंच छापा. नुसता नंबर. पण मोठा छापा, दुरून दिसंल असा.”

मला हसू आलं. “नुसता नंबर? अगं, कोण वाचंल त्याला? अन् कुणाचा हाये म्हणून कळावं कसं?”

“इचारतील,” ती म्हणाली. “इचारलं की आमी सांगू.”

“अन् चुलता?”

“मी चोरून पास झाले न्हाई. खोट्या कागदानं मला कॉलेजात जायाचं न्हाई.” तिचा आवाज चढला नव्हता. मला ही पोरगी आवडली. तिची युक्ती मात्र पार फसणार, याबद्दल माझी खात्री होती.

मोठे लाकडी टाइप काढले. कुस्ती आणि निवडणुकीसाठी ठेवलेले, हाताच्या पंजाएवढे. कमलचा नंबर होता ७४७१७ आणि माझ्याकडे मोठे सात होते दोनच. तिसरा कोणत्या तरी गणेशोत्सवात हरवला होता. आधी पहिले चार आकडे छापून काढले. मग सगळे उचलले, एकच सात शेवटच्या जागी बसवला आणि प्रत्येक कागद दुसऱ्यांदा मशीनवर घातला. कागद केसभर हलला तर तो सात पायरी चुकल्यासारखा दिसला असता. एकाही कागदावर तो वर-खाली झाला नाही. मी ते कागद दोरीवर वाळत घातले आणि लांब उभा राहून बघितले. पांढऱ्या कागदावर काळेभोर पाच आकडे, दुसरं काही नाही. इतका मोकळा कागद माझ्या मशीनवरून कधीच निघाला नव्हता.

जनकाबाईने ओल्या शाईवर हळूच अंगठा टेकवला आणि काळा झालेला अंगठा पुसला नाही. मी पैसे नको म्हणालो, तर तीच भडकली. “काहून? पोरगी काय फुकट पास झाली का?” मी मुकाट्याने घेतले.

बाजाराच्या दिवशी मी एसटीने गोरेगावला गेलो. तिथे एका पत्रिकेचं काम मिळतंय, असं घरी सांगितलं. खरं म्हणजे मला राहवत नव्हतं.

मायलेकींनी पहाटेच खळ लावून कागद चिकटवले होते. एसटी थांबायची त्या भिंतीवर, पिठाच्या गिरणीच्या दारावर, बैलबाजारातल्या लिंबाच्या खोडावर, जिथे बघावं तिथे ७४७१७. आणि माणसं? माणसं लॉटरीचा नंबर समजून खिसे चाचपत होती. एकाने चुरगळलेलं तिकीट काढून आकडा आकड्याशी ताडून बघितला आणि भिंतीलाच शिवी दिली. गिरणीपाशी दोघं मटक्याचा हिशेब लावत होते की आज सत्त्यावर लावावं की एक्क्यावर. मी कपाळाला हात लावला. मी आधीच सांगितलं होतं, कोण वाचणार!

जनकाबाई वांग्या-मिरच्यांची पाटी पुढे घेऊन बसली होती. मागे काठीला एक कागद बांधलेला. एका म्हातारीने वांगी चाचपत विचारलं, “काय लागलंय गं ह्या नंबराला?”

“ह्या नंबराला माझी लेक लागली,” जनकाबाई म्हणाली. आणि मग तिने जो आवाज लावला, तो भाजी विकणाऱ्या बाईचा होता, साऱ्या बाजाराला पुरणारा. “माझ्या कमलचा नंबर हाये! मॅट्रिक पास झाली! भिवाजी खंदाऱ्याची कमल!”

त्यानंतर कुणी कुणाला सांगायची गरज उरली नाही. कोडं सोडवायला तर सगळ्यांनाच आवडतं. ज्याला कळलं तो न कळलेल्याला शोधत फिरला. तिकीटवाला माणूस आता स्वतः भिंतीपाशी उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, “लॉटरी न्हाई बाबा, कमल हाये ती.” पत्रिकांवर मी इतकी नावं छापली, पण एकही नाव लोकांनी असं तोंडोतोंडी नेलेलं बघितलं नव्हतं. माझी छाती फुगली. नाव मी छापलं नव्हतं, तरी फुगली.

मी बैलबाजाराकडे गेलो. लिंबाखाली जळबा बसला होता. उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस. त्याच्या डोक्यावरच तो कागद होता आणि तो तिकडे बघत नव्हता. बैलवाले येत आणि बैलाआधी पुतणीचं बोलत. पहिल्याला जळबा नुसता “हूं” म्हणाला. पुढच्याला “व्हय” म्हणाला. त्याच्या पुढच्याने नीट विचारलंही नव्हतं, तर जळबा म्हणाला, “आमच्या घरात पयलीच. रातच्याला चिमणी लावून वाचायची, मी सोता बघितलंय.” मग पटका सोडून त्याने नव्याने बांधला.

दुपारी कळमनुरीचा ग्यानोबा आला. बाजारात शिरल्यापासून त्यानेही सगळं ऐकलं होतं, हे त्याच्या तोंडावरूनच दिसत होतं. कमल आणि भिवाजीही येऊन उभे राहिले. भिवाजी भावासमोर कधी बोलला नव्हता. आताही मान खाली घालून होता. कमलचा चेहरा मात्र पांढरा पडला होता. तिचं जे काही व्हायचं ते आता इथेच होणार होतं.

ग्यानोबाने लिंबावरच्या कागदाकडे बघितलं आणि हसला. “काय हो जळबा, ह्यो आकडा कसला म्हणायचा?”

“आमच्या कमलचा,” जळबा म्हणाला.

“पर ह्याच्यावर नाव तर न्हाई. तुमीच म्हणले हुते, नाव पायजे म्हणून. नंबर काय, कुणाचाबी असतोय.”

जळबा सावकाश उठला. रागाने त्याच्या मिशा हलत होत्या, आणि तो राग कुणावर आहे ते एक क्षण मलाही कळेना.

“कुणाचाबी?” तो म्हणाला. “सकाळधरनं अख्खा बाजार तिचंच नाव घेऊन राहिला, तुमाला ऐकू आलं न्हाई? छापलेलं नाव काहून पायजे आता?”

“मंग सुपारीचं?”

“खिशात असू द्या. आमची पोरगी शिकायला चालली.”

भिवाजीने मान वर केली. जनकाबाई पाटी तशीच सोडून धावत आली होती. तिने पदर तोंडावर घेतला आणि तिथेच, सगळ्या बैलांच्या मधे, रडली. मलाही भरून आलं, आणि ते लपवायची मला लाज वाटली नाही.

जळबा कमलकडे वळला. “उद्या पयल्या गाडीनं निघायचं. मी संगं येतो.” दोन पावलं जाऊन तो पुन्हा थांबला. “अन् तिथं कुणी इचारलं, संगं कोण आलंय, तर नुसतं चुलता म्हणू नको. जळबा खंदारे, म्हणून सांग.”