बिशपच्या बुडावरचं घर

दाइगा लाटवियाहून आयर्लंडमधल्या आमच्या गावी आली, तेव्हा तिची समजूत होती की आपण इंग्रजी बोलणाऱ्या देशात चाललोय. त्यासाठी रिगामध्ये तीन वर्षं ती संध्याकाळच्या वर्गाला गेली होती. आणि इथे तिला सांभाळायला मिळाला आमचा फेस्टी. वय नव्वद, फक्त आयरिश बोलतो, इंग्रजी बोलत नाही. येत नाही असं नव्हे. बर्मिंगहॅममध्ये चौदा वर्षं रस्ते खणताना त्यानं मुकादमांना इंग्रजीतच शिव्या घातल्या होत्या. पण गावी परतला त्या दिवशी म्हणाला, आता पुरे. त्यानंतर त्याच्या तोंडून इंग्रजी ऐकू यायचं ते फक्त रेडिओवर आमच्या गॉलवे जिल्ह्याचा संघ हरताना. त्याची मुलगी बॉस्टनला असते. तिनं फोनवर दाइगाला कामावर ठेवलं, आणि नेमकं हेच सांगायचं राहिलं.

चौथ्या दिवशी दाइगा माझ्या दुकानात आली. हातात चिठ्ठी होती, आणि चिठ्ठीवर तिला ऐकू आलं तसं लिहून आणलेलं एक वाक्य.

"सोरखा, ते सकाळपासून मला हे म्हणतायत. औषध हवंय का त्यांना?"

मी वाचलं. "नाही गं. तू जळणाच्या मातीनं भरलेल्या ओल्या पोत्यासारखी चालतेस, असं म्हणतोय."

तिनं चिठ्ठी खिशात घातली. "मग मी काय म्हणायचं?"

"म्हण, पोतं उचलायची धमक राहिलीय का तुमच्यात?"

गल्ल्यासमोर उभी राहून तिनं ते वाक्य सहा वेळा घोकलं आणि गेली. त्या संध्याकाळी फेस्टीनं दोनदा मागून जेवण घेतलं, असं तिनं मला नंतर सांगितलं.

अशी तिची शाळा सुरू झाली. दोन वर्षांत ती भरती-ओहोटीच्या वेळा, मेंढ्यांचे रोग, समुद्री शेवाळाच्या जाती आणि मूर्ख माणसासाठीचे अकरा वेगवेगळे शब्द शिकली. हे सगळं आयरिशमध्ये. आमच्याकडून मात्र त्या एका वाक्यापलीकडे ती काही शिकली नाही, कारण आम्ही तिच्याशी इंग्रजीच बोलायचो. आमच्या गावाच्या वेशीवर मोठी पाटी आहे, इथे आयरिश बोलली जाते म्हणून. पण परका माणूस दिसला की आम्हाला सभ्यपणाचा झटका येतो. दाइगा आयरिशमध्ये पाव मागायची, मी इंग्रजीत तिला पाव द्यायचे. 

मग फेस्टीनं तिला आपल्या घरामागचा जमिनीचा तुकडा देऊन टाकला. "मी गेल्यावर माझी मुलगी हे घर उन्हाळी पाहुण्यांना देणार," तो म्हणाला. "तू मागे स्वतःचं बांध. म्हणजे त्यांना खिडकीतून तुझं वाळत घातलेलं धुणं दिसेल."

आमच्याकडे घर बांधायचं तर आधी आयरिश येते हे दाखवावं लागतं. त्यासाठी गावाची एक समिती आहे, तिघांची. अध्यक्ष मॅकदारा, जो भाषेसाठी रक्त आटवतो आणि घरी बायकोशी, मुलांशी, कुत्र्याशीसुद्धा इंग्रजी बोलतो. दुसरी ग्रॉन्या, डब्लिनहून आलेली शिक्षिका, भाषेची पदवी घेतलेली. तिसरी मी. मला का घेतलं, तर बैठकीला चहा माझ्या दुकानातून येतो.

आदल्या महिन्यात मॅकदाराचा पुतण्या कीअन येऊन गेला होता. माझं नाव कीअन, मला पोहायला आवडतं, आमचं घर सुंदर असेल. सात मिनिटांत उत्तीर्ण. मॅकदाराचे डोळे पाणावले होते.

दाइगा आली ती धुतलेला कोट घालून. ग्रॉन्यानं कागद पाहून विचारलं, "शाश्वत समुदायविकासाच्या संदर्भात आपली भूमिका काय राहील?"

दाइगानं माझ्याकडे पाहिलं. मी चहाकडे पाहिलं.

"हे शब्द मला माहीत नाहीत," ती म्हणाली. "पण बिशपच्या बुडावर मी घर बांधीन. वरच्या अंगाला बटाटे लावीन, खालच्या अंगाला पाणी साचतं तिथे चर खणीन."

मॅकदाराची लेखणी थांबली. "कशावर?"

"बिशपच्या बुडावर."

त्या तुकड्याला माझ्या आजीच्या काळापासून हेच नाव आहे. जागा दोन बाजूंनी फुगलेली आणि मधे घळ, दुसरं काय म्हणणार. पण मॅकदाराचं लहानपण वसतिगृहात गेलं, त्याला ते ठाऊक नव्हतं. तो लालबुंद झाला आणि इंग्रजीत म्हणाला, "बाई, जरा सभ्य भाषेत बोला."

"अध्यक्ष," दाइगा आयरिशमध्ये म्हणाली, "आत्ता तुम्हीच इंग्रजीत बोललात."

ती बाहेर गेल्यावर ग्रॉन्यानं लिहिलं, भाषा अप्रमाणित. मॅकदारानं खाली भर घातली, आणि अश्लील. नामंजुरीसाठी हात वर करायला सांगितले. त्यांचे दोन वर गेले. माझा तिसरा. तोंड उघडलं असतं तर नाव खरं आहे एवढंच सांगायचं होतं, पण मॅकदाराशी वाकडं घ्यायचं म्हणजे गावात वर्षभर तोंड चुकवत फिरायचं. मी हात वर केला आणि कप गोळा केले.

पुढच्या रविवारी प्रार्थनेनंतर सभागृहात समितीची खुली बैठक होती. दाइगानं फेस्टीला गाडीतून आणलं आणि पहिल्या रांगेत बसवलं. तो काठी टेकून उठला आणि वीस मिनिटं बोलला. आवाज बारीक, चढउतार नाही, जणू हवामान सांगतोय. ग्रॉन्यानं पहिली दोन मिनिटं टिपणं काढली, मग वही मिटली. मॅकदारा गंभीरपणे मान डोलावत होता. मागच्या रांगेतली म्हातारी मंडळी खोकू लागली, मग त्यातल्या दोघी तोंडाला रुमाल लावून बाहेर गेल्या.

फेस्टी थांबला. "मॅकदारा, मी आत्ता काय म्हणालो?"

"आपण म्हणालात," मॅकदारा सावकाश म्हणाला, "की पूर्वजांचा वारसा जपला पाहिजे."

सभागृह फुटलं.

"दाइगा," फेस्टी म्हणाला, "शिक्षिकाबाईंना नीट सांग."

दाइगा उभी राहिली. कान लाल, पण आवाज स्थिर. तिनं ते इंग्रजीत सांगितलं, एकही शब्द न गाळता. मॅकदाराच्या आजोबांनी बिशपच्या बुडावरून फेस्टीच्या वडिलांच्या दोन मेंढ्या नेल्या, अंगावरच्या खुणा खरवडून स्वतःच्या केल्या. फौजदारानं आयरिशमध्ये विचारलं तेव्हा मात्र ते म्हणाले, मला आयरिश येत नाही, प्रश्नच कळला नाही. तेव्हा हे न कळणं मॅकदाराच्या घराण्यात चालत आलंय, त्याचा दोष नाही.

मॅकदारा रागावला असता तर बरं झालं असतं. पण तो हसला, टाळ्या वाजवल्या आणि म्हणाला की हेच जिवंत लोकसाहित्य. समितीनं निर्णय बदलला. म्हणजे आम्ही तिला परवानगी दिली, पण एका अटीवर: तिनं वर्षभर मंगळवारी ग्रॉन्याच्या प्राथमिक वर्गाला बसायचं.

दाइगा बसली. एकही मंगळवार चुकवला नाही. हातावर सिमेंट तसंच घेऊन यायची आणि कीअनशेजारी बसून "माझं नाव दाइगा" म्हणायची. तिसऱ्या महिन्यापासून वर्ग संपल्यावर ग्रॉन्या तिला थांबवून घेऊ लागली आणि फेस्टीचे शब्द उतरवून घेऊ लागली. त्यावर ग्रॉन्याचा लेखही छापून आला. त्यात माहिती देणारी व्यक्ती म्हणून फेस्टीचं नाव होतं, दाइगाचं नव्हतं.

घर पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात उभं राहिलं. फेस्टीला त्याच्या खिडक्या पसंत नाहीत, आणि तो रोज दुपारी तिथे जाऊन बसून हे सांगतो.

मॅकदारा अजून तिच्याशी इंग्रजीच बोलतो. मी मात्र घर झालं त्या आठवड्यात ठरवलं. ती दुकानात आली तशी मी आयरिशमध्ये म्हणाले, "ये दाइगा, त्या दिवशी मी हात वर केला, त्याची मला लाज वाटते."

तिनं पिशवी गल्ल्यावर ठेवली. "ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "पण हे सांगायला दीड वर्ष का लागलं?"

मी पाव काढून गल्ल्यावर ठेवला. तिनं पाव घेतला, फेस्टीची तंबाखू घेतली, आणि उद्या चर खणायला फावडं द्याल का, असं विचारलं. मी फावडं दिलं. दुसऱ्या दिवशी स्वतः गेलेही. सबंध दुपार आम्ही दोघी बिशपच्या बुडाखालच्या चिखलात उभ्या होतो, आणि फेस्टी खुर्चीत बसून आम्हा दोघींना एकेक करून मूर्खांसाठीचे ते अकरा शब्द लावत होता.