कोमट पाण्याचा तांब्या

माझ्या लेकाच्या, अतिशयच्या पोटात दोन दिवस पेजेचा घोटही टिकला नव्हता. चार वर्षांचं पोर, टायफॉइडमधून नुकतं उठलेलं, आणि ताप पुन्हा चढलेला. मिरजेच्या दवाखान्यात तो एकच गोष्ट खायचा, दुधात बुडवलेला ब्रेड. आता कृष्णेचं पाणी रस्त्यावर आलेलं. त्याचे बाबा मिरजेत अडकलेले, ब्रेडची गाडी बंद, गावच्या दुकानात खारीचा चुरासुद्धा नाही. डॉक्टर फोनवर म्हणाले, पाणी पाजत राहा, काहीतरी पोटात जाऊ द्या, मलूल झाला तर लगेच आणा. बोट सकाळशिवाय येणार नव्हती.

तो मलूल होतोय का, हेच मी दिवसभर बघत होते. ओठ बघ, डोळे बघ, लघवी झाली का बघ.

डब्यात मैदा होता. फ्रिजमध्ये त्याच्या वाढदिवसाच्या पिझ्झ्यातली यीस्टची पुडी उरली होती. अडचण सासूबाईंची. चातुर्मासात आमच्या जैन घरात पाणी उकळलेलंच वापरायचं, आंबवलेलं काही करायचं नाही, दिवस मावळला की गॅस पेटवायचा नाही. पुडी कसली म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा मी सोड्यासारखी पावडर आहे म्हणाले. कराडला मायक्रोबायोलॉजी शिकलेली मी.

मैद्यात मीठ, साखर, यीस्ट घातलं आणि सवयीनं हात गेला तो ओट्यावरच्या पाण्याच्या पातेल्याकडे. मळताना चटका बसला, पण कान आतल्या कण्हण्याकडे होते. गोळा झाकून ठेवला. भाजण्यासाठी कुकरात मीठ पसरून तोही मांडून ठेवला.

दुपार सरली तरी गोळा होता तेवढाच. बोटानं दाबला तर घट्ट. तेव्हा कुठे तो चटका आठवला.

सासूबाई देवळातून आल्या. झालं का न्हाई अजून, म्हणून त्यांनी विचारलं.

"उकळतं पाणी ओतलं, आई. सगळं मेलं."

"मेलं? म्हंजे ते जित्तं असतंय व्हय?"

आणखी खोटं बोलायचं त्राण नव्हतं. "असतं. मी तुम्हाला फसवलं."

त्यांनी गोळ्यावर बोट टेकवून पाहिलं. एवढ्यात अतिशयचं कण्हणं थांबलं. मी आत धावले. डोळे अर्धे उघडे, श्वास चालू, पण हाक मारली तर मान वळेना. चमच्यानं पाणी घातलं, ते ओठांच्या कडेनं गळालं.

मागून सासूबाई म्हणाल्या, "पुडीत उरलंय का?"

"चमचाभर असेल."

त्यांनी आपला तांब्या पुढं केला. उकळून निववलेलं, जेमतेम कोमट पाणी. दिवस मावळायच्या आत त्या तेवढं पितात, मग सकाळपर्यंत थेंब नाही. आणि खिडकीतला उजेड उतरत चालला होता.

"तुम्ही काय पिणार?"

"मी न्हाई मरत. त्ये जित्तं असंल, पर ह्या पोराएवढं न्हाई. मळ बिगीबिगी."

मी पुन्हा मैदा मळला, गोळा डब्यात ठेवला. घरात सगळीकडे ओल, गारठा. गोळा फुगायला ऊब कुठून आणायची? त्यांनी डबा जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि अतिशयच्या कुशीत सरकवला.

"लय तापलाय. ताप तरी कामाला यिऊ दे."

दोघी दोन्हीकडे बसलो. मी कधी त्याच्या ओठांना पाणी लावायची, कधी झाकणाकडे बघायची. गोळा वर येईल याची खात्री नव्हती, आला तरी तो खाईल याची तर नव्हतीच. बाहेर सूर्य कधीचाच गेला होता. मग त्याचा हात हलला. डब्यावर चाचपडला. झाकण कडेनं किंचित वर उचललं गेलं होतं.

"आई, काय हाय ह्यात?" त्यानं विचारलं.

"ब्रेड."

"दे."

दोन दिवसांत त्यानं पहिल्यांदा काही मागितलं होतं. भाजून देते म्हणाले खरी, पण बाहेर अंधार पडला होता. वळून पाहिलं तर सासूबाई जागेवर नव्हत्या. स्वयंपाकघरात लायटरची कटकट ऐकू येत होती. कुकराची शिट्टी काढायची का ठेवायची, ते त्या तिथूनच विचारत होत्या.