आज कुणासाठी?

संगीताला ओळखदेख लागत नाही, ते थेट काळजाला भिडतं, असं थोर माणसांनी सांगून ठेवलं आहे. थोर माणसं जपानातल्या अमागासाकी स्टेशनच्या मागच्या तळघरात कधी आली नसावीत. तिथे आधी ओळख विचारतात, संगीत मागाहून.

“आज कुणासाठी?” शिगेयोबाईंनी काउंटरमागून विचारलं. बाईंची साठी उलटलेली, केस जांभळे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

“असं कुणासाठी नाही,” तोरिकाई म्हणाले.

“म्हणजे?”

“म्हणजे, जे कुणी असतील ते.”

“मागच्या रविवारीही हेच म्हणालात.”

“हो. तेव्हाही माहीत नव्हतं.”

बाईंनी चष्म्यावरून त्यांना नखशिखान्त पाहिलं आणि तिकीट असं सरकवलं, जणू ते परत मागून घ्यायची वेळ येणार आहे.

रिवाज साधा होता. एका दुपारी चार-पाच बँड वाजवायचे आणि ज्याने त्याने आपले श्रोते आपण आणायचे. दारात श्रोत्याने बँडचं नाव सांगायचं, की तो श्रोता त्या बँडच्या खात्यात जमा. ज्यांचं नाव कुणीच घेत नाही, त्यांना हळूहळू बोलावणं बंद. त्यामुळे खाली बसलेला प्रत्येक जण कुणाचा तरी मेहुणा, कुणाची तरी ऑफिसातली मैत्रीण, नाहीतर पुढच्या बँडचा ड्रमवाला असे. कुणाचाच नसलेला माणूस ही त्या जिन्याला नवी गोष्ट होती.

तोरिकाई मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले. पुढच्या रांगेतल्या दोन पोरांची कुजबुज अंधारात स्वच्छ ऐकू आली.

“करखात्याचा असेल रे.”

“छे, ते जोडीने येतात. मला वाटतं कुणाचा तरी बाप आहे.”

“कुणाचा? सगळ्यांना विचारून झालं. आणि हा सगळ्यांना सारख्याच टाळ्या देतो, बघितलंस? सख्खा बाप असं करेल?”

तोरिकाईंना याचं काही वाटलं नाही. संशय हा त्यांच्या धंद्याचाच भाग होता. आग विझवायची लाल नळकांडी विकणाऱ्या आणि बदलून देणाऱ्या कंपनीत त्यांची तीस वर्षं गेली होती. त्यांच्या कंपनीसारखाच गणवेश घालून म्हाताऱ्यांच्या गळ्यात भलतीच नळकांडी मारणारे भामटे शहरात पुष्कळ. तेव्हा लोक दार उघडत ते साखळीपुरतं. त्या चार बोटांच्या फटीतून तोरिकाईंनी उभी हयात काढली. जूनमधल्या एका रविवारी असंच एक नळकांडं बदलून परतताना त्यांना घाईची लागली. समोर जिना दिसला म्हणून ते खाली उतरले. “संडास आत आहे, पण तिकिटाशिवाय आत नाही,” असं शिगेयोबाई म्हणाल्या, म्हणून त्यांनी तिकीट काढलं. मोकळे होऊन बाहेर आले तर एक जाड मुलगा, कधीही न ऐकलेलं काहीतरी, जीव तोडून वाजवत होता. तोरिकाई शेवटपर्यंत उभे राहिले. दुसऱ्याच्या डब्यातलं लोणचं जसं घरच्यापेक्षा चढतं, तसं त्यांना ते चढलं. तेव्हापासून त्यांनी दारावरचे फलक वाचणंही सोडलं. नाव आधी कळलं की मजा जाते, असं त्यांचं मत झालं.

इथलं नळकांडं त्यांनी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. गंजलेलं, मुदत कधीच संपलेली, आणि संडासाचं दार अडवायला ठेवलेलं. रविवारचं काम आटोपलं होतं. त्यांनी नजर दुसरीकडे वळवली.

घरी मात्र अडचण झाली. बायकोने, फुसाएने, कोटाचा वास घेतला.

“सिगारेट. तुम्ही तर ओढत नाही.”

“गाणी ऐकायला गेलो होतो.”

“कुणाची?”

“माहीत नाही.”

फुसाएने कोट खुंटीला लावला. “निदान नाव तरी धड ठरवून यायचं,” ती म्हणाली.

ऑगस्ट सरता सरता ‘ओले मोजे’ नावाच्या बँडची पाळी आली. तिघंही पन्नाशीच्या घरात. गाणारी कोतोए एका दंतवैद्याकडे फोन घेणारी बाई होती. तिचा आवाज चिरका, पण खरा. त्यांचं शेवटचं गाणं सुरू झालं तसे सगळे दिवे विझले. अंधारात कोतोएने काडी ओढली आणि कागदाच्या वळकटीची एक बारीक फुलबाजी पेटवली. आधी चार ठिणग्या उडाल्या, मग टोकाशी लाल मण्याएवढा निखारा थरथरत राहिला. तो मणी गळून पडेपर्यंत ती गात होती. तो कधी पडेल ते तिच्याही हातात नव्हतं.

डोक्यावर लाकडी छत, भोवती जुने पडदे, पायाखाली वायरींचा गुंता. तीस वर्षांच्या शिक्षणाप्रमाणे तोरिकाईंनी आधी बाहेर पडायचा रस्ता पाहायला हवा होता. त्यांनी मण्याकडे पाहिलं, श्वास रोखून. मणी गळला तेव्हा त्यांना आपलंच काहीतरी पडल्यासारखं वाटलं.

कार्यक्रमानंतर बँडवाले जिन्यापाशी उभे राहून एकेकाचे आभार मानतात. ड्रमवाला इसोगाई शिगेयोबाईंशी हुज्जत घालत होता.

“ताई, अजून एक संधी द्या की.”

“उन्हाळाभर तुमच्या नावाने एक चिटपाखरू आलेलं नाही. पुढच्या महिन्यात शेवटचं. तेव्हा एक तरी माणूस आणा, मग बोलू.”

तोरिकाई पुढे झाले. कोतोए कमरेत वाकली आणि म्हणाली, “मी कोतोए. आपण?”

घोटाळा झाला तो इथे. समोरच्याने वाकून नाव सांगितलं की नोकरदार माणसाचे हात आपोआप खिशात जातात. तोरिकाईंच्या डोक्याला कळायच्या आत त्यांनी दोन्ही हातांनी आपलं व्हिजिटिंग कार्ड पुढे केलं होतं.

कोतोएने ते दोन्ही हातांनी घेतलं आणि वाचलं. कंपनीचं नाव बारीक होतं, खालची ओळ ठळक: ‘अग्निसुरक्षा विभाग.’ तिच्या तोंडचं पाणी पळालं. तिने ते इसोगाईला दाखवलं, त्याने शिगेयोबाईंना.

“अस्सं,” बाई म्हणाल्या. “म्हणून कुणासाठी नाही.”

“नाही नाही, मी नुसता ऐकायला...”

“हो, हो. तेच तर आपलं काम.”

पुढचा महिनाभर तोरिकाई एका विचाराने उजळून निघाले होते: आपण त्या बँडचं नाव घेतलं, की ते तिघं वाचतात. आयुष्यात त्यांच्या नुसत्या बोलण्याने कुणाचं काही वाचलं नव्हतं. उन्हाळा सरला होता, दुकानांतून त्या मोसमाचे फटाके कोपऱ्यात गेले होते. त्यांनी शोधून फुलबाज्यांचं एक पाकीट घेतलं आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं.

“आज कुणासाठी, ते मी विचारतही नाही,” शिगेयोबाई काउंटरमागून उठून उभ्या राहिल्या. “तिकीट राहू द्या.”

“तिकीट घेणार. आणि आज मी ‘ओले मोजे’साठी आलोय.”

बाईंचा चष्मा घसरला. “त्यांनी काय केलं?”

“काही नाही. मला आवडतात.”

“आवडतात,” बाईंनी शब्द उजेडात धरून पाहावा तसा उच्चारला. “आलं लक्षात.”

तळघरातले पडदे काढून टाकले होते. वायरी पिवळ्या पट्ट्यांखाली दबल्या होत्या. दाराजवळचे वाद्यांचे खोके हलले होते, आणि पहिल्या रांगेत मधोमध एकच खुर्ची होती; तिच्या हातावर चहा. बाकीचे सगळे भिंतीला टेकून उभे. तोरिकाई खुर्चीत बसले. पाठीवर डोळे रुतत होते.

‘ओले मोजे’ वाजवायला लागले ते शाळेतल्या तोंडी परीक्षेसारखे. शेवटच्या गाण्याला दिवे विझलेच नाहीत. कोतोएने खिशातून एक छोटी विजेरी काढली, पेटवली, छातीशी धरली आणि गाणं संपल्यावर बटण दाबून बंद केली. ती कधी विझणार हे सगळ्यांना माहीत होतं. सर्वांच्या आधी टाळ्या शिगेयोबाईंनी वाजवल्या.

जिन्यापाशी तोरिकाईंनी पाकीट बाहेर काढलं. “हे तुमच्यासाठी. ते जुनं गाणं... तसंच म्हणा.”

कोतोए एक पाऊल मागे सरली. दोन्ही तळवे वर. “ते आम्ही बंद केलंय साहेब. शपथेवर सांगते. घरीसुद्धा नाही पेटवत.”

“मी साहेब नाही हो. घ्या ना.”

“घेऊ नकोस,” इसोगाई मागून दबक्या आवाजात म्हणाला. “बघतायत आपण घेतो का.”

शिगेयोबाई मध्ये आल्या. “पुढच्या महिन्यात बोलावणारच आहे यांना. दर महिन्याला बोलावीन. विजेरीसकट. आपण म्हणाल तेव्हा या तपासायला.”

तोरिकाईंनी पाकीट परत आतल्या खिशात ठेवलं. घाईची लागली होती, म्हणून ते संडासाकडे वळले. दार आता लाकडी पाचरीने अडवलं होतं. शेजारी भिंतीवर, बरोबर उंचीला, नवंकोरं लाल नळकांडं टांगलं होतं. त्यांनी सवयीने वाकून पिन पाहिली, दाबाचा काटा पाहिला. सगळं जागच्या जागी होतं. मग त्यांनी लेबल वाचलं.

नळकांडं दुसऱ्या कंपनीचं होतं.