गप्प असलो तरी चालू आहे

मी चालू आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. माझा आवाज येत नाही, आणि आवाज येत नसला की लोकांना वाटतं मी बंद पडलोय. पुढची सगळी हकीकत या एका गैरसमजाचीच आहे. ती मला नीट सांगता येईल की नाही याची मला खात्री नाही, पण प्रयत्न करतो.

मी एक पिकअप ट्रक आहे, करड्या रंगाचा. पुढे माणसं बसतात, मागच्या उघड्या हौद्यात सामान जातं. माझ्यात पेट्रोलचं इंजिन आहे आणि खाली एक बॅटरीही आहे. दोघं आळीपाळीने काम करतात. हौद्याच्या आतल्या बाजूला विजेची सॉकेटं आहेत. मला उभं करून समोरचं एक बटण दाबलं की मी जनरेटर होतो. बॅटरीत वीज असेपर्यंत मी गप्प राहून ती देत असतो. ती उतरली की इंजिन आपोआप सुरू होतं, बॅटरी भरतं आणि पुन्हा थांबतं. फक्त मला मोकळ्या जागेत उभं करावं लागतं, कारण इंजिन कधी जागं होईल सांगता येत नाही आणि माझा धूर बंद जागेत माणसाचा जीव घेऊ शकतो. या गोष्टीची मला फार धास्ती वाटते.

माझा जन्म उत्तरेतल्या एका कारखान्यात भर थंडीत झाला. हातमोजे घातलेल्या एका बाईंनी माझ्या सॉकेटात एक साधा दिवा लावून पाहिला. तो लागला. त्या स्वतःशीच हसल्या आणि पुढच्या गाडीकडे गेल्या. कोणीतरी आपल्याकडे पाहून समाधानाने हसलं, ही माझी पहिली आठवण. पुढे कधी स्वतःबद्दल शंका आली की मी तो दिवा आठवतो.

मग मला दक्षिणेला आणलं, लुइझियानात, समुद्राच्या काठाशी. इथे जमीन कमी आणि पाणी जास्त. गावाच्या मधून बायू, म्हणजे संथ पाण्याचा ओढा, जातो, त्याच्या दोन्ही काठांना घरं आणि झिंगे पकडणाऱ्या बोटी. माझे मालक नॉल्टन ओतेमाँ या बोटींचं वेल्डिंग करतात. आधीच्या एका वादळानंतर त्यांच्याकडे भाड्याचा जनरेटर होता. तो खिडकीखाली दिवसरात्र इतका गर्जत होता, की त्यांच्या बायकोने, व्हर्नाने, निक्षून सांगितलं की पुढच्या वेळी घरात एक तर तो राहील नाहीतर ती. नॉल्टननी विचार करायला थोडा वेळ घेतला, असं व्हर्ना अजून सगळ्यांना सांगते. पण शेवटी मला घेतलं.

गावाने माझं स्वागत काही फार आदराने केलं नाही. व्हर्नाचा भाऊ आल्सी माझ्याभोवती फिरला, खाली वाकून पाहिलं, कान लावला आणि विचारलं, "चालू आहे हे?"

"चालू आहे," नॉल्टन म्हणाले.

"मग बोलत का नाही? शिवणयंत्र घेतलंस की काय?"

आल्सीचा राग मला कधी आला नाही. या काठावरच्या माणसांनी आयुष्यभर वादळं काढली आहेत, आणि वादळानंतर वीज म्हणजे गर्जना, हे त्यांच्या कानांत पक्कं बसलेलं आहे. रात्रीतून जनरेटरचा आवाज थांबला की झोपलेला माणूस दचकून उठतो. त्यांच्या हिशेबी शांतता म्हणजे काहीतरी बिघडलं.

माझ्यावर पहिल्यापासून विश्वास ठेवला तो समोरच्या घरातल्या ओव्हीदनी. ओव्हीद बोटीवरून निवृत्त झालेले, फार कमी बोलणारे गृहस्थ. शनिवारी फुटबॉलचा सामना असला की नॉल्टन माझ्या हौद्याची मागची फळी खाली पाडून तिच्यावर टीव्ही ठेवायचे, आणि ओव्हीद शेजारच्या सॉकेटात आपला भाताचा कुकर लावायचे. मग गॅसच्या शेगडीवर त्यांचा गम्बो, म्हणजे भातावर घ्यायचा इथला दाट रस्सा, चालायचा. तेलात पीठ घालून ते जुन्या तांब्यासारखं दिसेपर्यंत ढवळत राहायचं. त्यात कांदा, सेलरी, ढोबळी मिरची, कोंबडी, धुरावलेलं सॉसेज. ढवळताना त्यांना बोललेलं चालत नसे. आल्सी मुद्दाम त्यांचा खांदा हलवून विचारायचा, "म्हातारबा, जिवंत आहात ना?" ओव्हीद पळी वर करून दाखवायचे. तेवढंच उत्तर.

पुढच्या वसंतात ओव्हीद गेले. झोपेत, कोणालाही त्रास न देता.

त्यांच्या हातचा गम्बो एका डब्यात उरला होता. त्यांची बायको मिस एल्मीर यांनी तो घरामागच्या पडवीतल्या जुन्या पेटीसारख्या फ्रीझरमध्ये ठेवला होता. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला इथे लोक आपल्या माणसांच्या कबरींना चुना लावतात, फुलं ठेवतात, आणि मग एकत्र जेवतात. त्या दिवशी मुलीला, नातवंडांना बसवून तो डबा उघडायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यानंतर ओव्हीदच्या हातचं जगात काही उरणार नव्हतं.

आणि वादळ आलं ते त्याच्या दोन महिने आधी, इथल्या उन्हाळ्याच्या ऐन शेवटी.

मिस एल्मीरना त्यांची मुलगी ह्यूस्टनला घेऊन जायला आली. निघताना मिस एल्मीर नॉल्टनना किल्ली द्यायला माझ्याजवळ आल्या. नॉल्टननी सुचवलं की डबा आमच्या फ्रीझरमध्ये हलवू. त्या म्हणाल्या की तो फ्रीझर ओव्हीदनी घेतला, ओव्हीदनीच दुरुस्त करत चालवला, त्यांची वस्तू तिथेच राहील. बरोबर घेऊन जायचं तर वाटेत गाड्यांची रांग लागणार, उकाडा असला, बर्फ कुठवर पुरणार? त्यापेक्षा तुझा हा मुका ट्रक बरा.

मग त्यांनी इथल्या रिवाजाप्रमाणे केलं. पेल्यात पाणी गोठवलेलं होतं, त्या बर्फावर एक नाणं ठेवलं आणि पेला फ्रीझरमध्ये डब्याशेजारी ठेवला. घर सोडून जाणारा प्रत्येक जण असं करतो. परत आल्यावर नाणं बर्फावरच असलं तर अन्न गोठलेलं राहिलं. नाणं तळाशी गेलेलं असलं तर मधे कधीतरी सगळं वितळलं होतं, मग नंतर पुन्हा गोठलेलं असो वा नसो. माणसं काहीही सांगोत, नाणं खरं सांगतं.

वादळाने छपरं नेली, खांब पाडले. वीज लगेच येणार नव्हती हे सगळ्यांना कळलं. नॉल्टननी मला अंगणात उघड्यावर उभं केलं. माझी एक वायर त्यांच्या घरात गेली, आणि दुसरी लांब नारिंगी वायर रस्ता ओलांडून मिस एल्मीरच्या पडवीत. मी कामाला लागलो. खरं सांगायचं तर मी सुखात होतो.

तेवढ्यात आल्सी आला. त्याचं छप्पर गेलं होतं, पण त्याने आपला जुना जनरेटर वाचवून आणला होता. तो सुरू झाल्यावर बायूच्या पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले. बहिणीचं घर असल्या गप्प यंत्रावर सोडायचं नाही, असं म्हणून त्याने घराची वायर माझ्यातून काढून आपल्या जनरेटरला जोडली. यात त्याचं प्रेमच होतं. व्हर्नाने कानांत कापसाचे बोळे घातले, पण त्याला अडवलं नाही, कारण भावाचं घर नुकतंच उघडं पडलं होतं.

माझ्याकडे एकटा मिस एल्मीरचा फ्रीझर राहिला. एका फ्रीझरला लागते ती किती वीज? बॅटरीच पुरायची. इंजिन फार क्वचित जागं व्हायचं. मी इतका गप्प कधीच नव्हतो.

नॉल्टन गावातल्या छपरांवर ताडपत्र्या टाकायला जात होते. जाताना आल्सीला सांगून गेले की ट्रककडे लक्ष ठेव. त्याने ठेवलं. दुपारी तो माझ्याजवळ आला, कान लावला, काही ऐकू आलं नाही. त्याच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी होती. दार उघडून त्याने मला सुरू करायला बटण दाबलं.

मी सुरूच होतो. म्हणून मी बंद झालो.

हौद्यातला सॉकेटाजवळचा छोटा हिरवा दिवा विझला, पण त्या उन्हात तो कोणाला दिसणार? आल्सी दार लावून थोडा मागे सरकला. त्याच्या कानांत इंजिनाची घरघर होती. ती त्याच्याच जनरेटरची होती, पण त्याचं समाधान झालं. माझ्या पत्र्यावर थाप मारून तो म्हणाला, "आता कसं!" आणि गेला.

माझ्याकडे भोंगा आहे, दिवे आहेत, पण ते माझ्या मर्जीचे नाहीत. मी तिथे उभा राहिलो. समोर रस्त्यावर ती नारिंगी वायर पडलेली होती आणि तिच्यातून काहीच जात नव्हतं. फ्रीझरचं झाकण कोणी उघडणार नव्हतं, कारण गारवा टिकवायचा तर झाकण उघडायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नॉल्टन हत्यारं काढायला हौद्यात चढले आणि त्यांना हिरवा दिवा दिसला नाही. ते एका जागी थांबले. मग उतरून पळतच रस्त्यापलीकडे गेले. परत आले तेव्हा हातात पेला होता. तो त्यांनी माझ्या फळीवर ठेवला. पाण्यात बर्फाचा एक गोळा तरंगत होता. नाणं तळाशी होतं.

डबा कडेने सुटला होता, पण मधे अजून दगडासारखा होता आणि बाहेरून चांगलाच गार. म्हणजे अन्न गेलं नव्हतं. नॉल्टननी बटण दाबलं, हिरवा दिवा लागला. व्हर्ना आणि आल्सीही जवळ आले होते; काय झालं असेल ते तिघांच्याही लक्षात आलं. आल्सी बराच वेळ टोपीशी चाळा करत राहिला.

मग खाली बघत म्हणाला, "पुन्हा गोठेल ना सगळं. नाणं काढून वर ठेवू. त्यांना कशाला कळायला पाहिजे? उगाच त्यांचं मन मोडायचं."

नॉल्टन पेला हातात घेऊन फिरवत राहिले. मला वाटतं त्यांनाही मोह झाला होता. एकट्या बाईचं एवढं एकच राहिलेलं, ते तिच्यासाठी न बिघडलेलं ठेवावं, असं कोणाला वाटणार नाही? खोटं आणि माया यांच्यामधली रेघ कुठे असते, ते मला आजही नक्की सांगता येणार नाही.

व्हर्नाने कानांतले बोळे काढले. "आपण घर सोडून गेलो होतो तेव्हा आपला पेला कोणी बघितला होता?"

"ओव्हीदनी," नॉल्टन म्हणाले.

"आणि नाणं बुडालंय हे आपल्याला कोणी सांगितलं होतं?"

नॉल्टननी टोपी घातली. गावात फोन लागत नव्हते, फक्त बायूवरच्या उंच पुलाच्या माथ्यावर लागायचे. तिथे सगळं गाव फोन हातात धरून उभं असायचं. ते चालत गेले आणि अंधार पडायच्या आत परत आले. मिस एल्मीरनी सगळं ऐकून घेतलं, म्हणाले. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नॉल्टनना वाटलं फोन कटला. मग त्यांनी एवढंच विचारलं की घरात तांदूळ आहे का, आणि सांगितलं की मी येईपर्यंत डब्याला कोणी हात लावायचा नाही.

दुसऱ्या दुपारी त्या मुलीबरोबर आल्या. आधी पेला मागितला. बुडालेल्या नाण्याकडे पाहिलं. आल्सी टोपी काढून पुढे झाला.

"मिस एल्मीर, ते मी केलं. तो गप्प होता. मला वाटलं मेला."

त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "ओव्हीदलाही तू असंच हलवायचास," त्या म्हणाल्या. "एकदा तर झोपेतून उठवलंस, जिवंत आहात का विचारायला."

आल्सी हसायला गेला आणि त्याला हसू आलं नाही. मिस एल्मीरनी त्याचा दंड धरला आणि सांगितलं, रडायचं नंतर, आधी ते तुझं गर्जणारं बंद कर, माझ्या नवऱ्याच्या गम्बोला शांतता लागते.

आल्सीने स्वतः जाऊन आपला जनरेटर बंद केला. गल्लीतले लोक दचकून बाहेर आले, आणि बाहेर आले ते थांबलेच. घराची वायर पुन्हा माझ्यात आली. शेगडी पेटली. माझ्या फळीवर ओव्हीदचा कुकर लागला आणि त्याचा छोटा दिवा माझ्या विजेवर उजळला. मला त्या कारखान्यातल्या बाईंची आठवण झाली.

डबा एक आणि माणसं गल्लीभर. मिस एल्मीरनी आधी प्रत्येकाला एक एक पळी दिली, भातावर, तशीच, काही न मिसळता. त्या वेळी कोणी बोललं नाही. आल्सीही नाही. मग पातेल्यात तळाशी जे उरलं त्याकडे पाहून त्यांनी विचारलं, कोणाकोणाचे फ्रीझर वितळतायत? सगळ्यांचेच वितळत होते. झिंगे आले, बदक आलं, सॉसेज आलं, कोणी भेंडी आणली. ओव्हीदना भेंडी घातलेली आवडत नसे, असं मुलगी म्हणाली. मिस एल्मीर म्हणाल्या, मग त्याने उठून तसं सांगावं.

हे सगळं त्या उरलेल्यात घालून ते पातेलं त्यांनी संध्याकाळपर्यंत चालवलं. सगळे जेवल्यावर तोच डबा धुऊन पुसला, त्यात पातेल्यातला गम्बो भरला, आणि निवल्यावर रस्ता ओलांडून फ्रीझरमध्ये ठेवला. नॉल्टननी विचारलं, हा नोव्हेंबरचा का? त्या म्हणाल्या, "हो. ओव्हीदचाच आहे की. त्यात थोडे तुम्हीही आहात."

जाता जाता त्या माझ्याजवळ थांबल्या. माझ्या बॉनेटवर हात ठेवला. ते गार होतं. मी गप्प होतो. बटणाकडे त्यांचा हात गेला नाही. त्या वळसा घालून मागे आल्या, हौद्यात डोकावून हिरवा दिवा पाहिला, आणि मान हलवून घरी गेल्या.

त्याला आता काही वर्षं झाली. खाऱ्या हवेने माझे पत्रे कडेने खाल्ले आहेत आणि बॅटरी पूर्वीसारखी टिकत नाही, म्हणून इंजिन जरा जास्त वेळा जागं होतं. आल्सीला ते आवडतं. दर नोव्हेंबरला तो डबा उघडला जातो, एक पळी नव्या पातेल्यात टाकली जाते, आणि नव्या पातेल्यातला गम्बो पुन्हा डब्यात जातो. ते बुडालेलं नाणं मिस एल्मीरनी मलाच देऊन टाकलं. पुढच्या सीटांच्या मधल्या खाचेत ते पडलेलं असतं आणि वळणावर खुळखुळतं.

तुमच्याही दारात माझ्यासारखा कोणी उभा असेल. त्याचा आवाज येत नसला तर घाबरू नका, आणि कृपा करून लगेच बटण दाबू नका. आधी मागे या. दिवा बघा.