दुसऱ्या कडव्याला थांबलेलं गाणं

मित्रांनो, मी अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरातलं एक जुनं गाणं आहे. तीन कडवी आणि एक ध्रुपद, एवढाच माझा जीव. कोळशाच्या खाणीत ऑर्डेला नावाच्या बाईच्या नवऱ्याची कंबर मोडली, तेव्हा शेजाऱ्यांनी न सांगता तिच्या उतारावरच्या रानात मका पेरून दिला. परत द्यायला तिच्याकडं काही नव्हतं. मग गाईची धार काढता काढता तिनं मला रचलं: ज्याचा खांदा दुखतो, त्याचं ओझं आधी उचल.

पुढं मी घरोघरी गेले. बाळंतिणीच्या खाटेशी, मयताच्या अंगणात, खाणीच्या तोंडाशी वाट बघणाऱ्या बायकांत. लोक मला बेसूर गायचे, पण गाताना त्यांचे हात रिकामे नसायचे.

मग माझं कौतुक सुरू झालं आणि तिथंच माझे हाल झाले. रेडिओवर वाजले, निवडणुकीच्या सभांत वाजले. आमच्या चर्चच्या गायकमंडळाचा प्रमुख डेल्मर मला छातीवर हात ठेवून, डोळे मिटून गातो. त्याच्या तोंडात शिरताना मला खरकट्या पाण्यात बुडवल्यासारखी किळस येते.

परवाच्या पुरानंतर चर्चमध्ये पूरग्रस्तांसाठी जेवण होतं. म्हातारा एनॉक कमरेपर्यंत चिखलानं माखून आला. अंगाला वास मारत होता.

डेल्मर हळूच म्हणाला, "एनॉककाका, बाहेर पायरीवर बसता का जरा? फोटोवाले आलेत. गाणं झालं की ताट पाठवतो."

"बसतो की," एनॉक म्हणाला. "चिखलाला काय, आत-बाहेर सारखंच."

तो गेला. डेल्मरनं रुमालाला हात पुसले, डोळे मिटले आणि मला सुरुवात केली. ओझं, खांदा, माया... एकेक शब्द त्याच्या जिभेवर बुळबुळीत होत होता. पण गाण्याला आपण होऊन गप्प बसता येत नाही.

दुसऱ्या कडव्याला गिटार थांबली. वाजवणारी लुएटा उठली होती.

"अगं, कडवं राहिलंय," डेल्मर पुटपुटला.

"ते बाहेर बसलंय," ती म्हणाली.

तिनं घेवड्याच्या रश्शाची दोन ताटं वाढून घेतली आणि पायरीवर एनॉकला अगदी खेटून बसली.

"घरात गाळ किती आहे, काका?"

"खिडकीपर्यंत."

"जेवा मग. उजेड आहे तोवर निघू."

मागोमाग गायकमंडळातल्या आणखी दोघी-तिघी उठल्या. आत डेल्मर एकटाच गात राहिला.

मित्रांनो, मला जपायचं असेल तर एवढंच करा. दारात कुणी अडलेलं दिसलं, की मला कडव्याच्या मधोमध सोडून उठा. अर्धवट राहिल्याचं मला काही वाटणार नाही.